डोक्यातली वही

पहाटेचे पावणेसहा. डोंबिवलीतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघरातला दिवा लागतो. नळाला पाणी यायची वेळ, दूधवाल्याची घंटा आणि कुकरची पहिली शिट्टी यांची जिथे गाठ पडते, तिथून तिचा दिवस सुरू होतो. कणीक मळताना डोके वेगळ्याच कामात असते. थोरल्याचा आज पीटीचा तास, म्हणजे पांढरे बूट. धाकटीच्या बालवाडीत आज 'पिवळा दिवस', म्हणजे पिवळा फ्रॉक. पण तो तर वाळत घातलेला. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोनच उरल्या आहेत. गॅसचा नंबर लावायचा आहे. आणि आठ वाजून पाच मिनिटांची फास्ट लोकल कुणासाठी थांबत नाही.

थोरला सहा वर्षांचा, पहिलीत. धाकटी तीन वर्षांची. नवरा महापेच्या एका कारखान्यात पाळ्यांवर. ती मुंबईत एका विमा कार्यालयात. घरात सासूबाई आहेत, पोळ्यांना एक बाई येतात, म्हणजे शेजारणींच्या मते तर सगळे सुखच. ती स्वतःही तसेच म्हणायची. "माझं सगळं पाठ असतं," हे तिचे आवडते वाक्य. नातेवाइकांचे वाढदिवस, मुलांच्या बुटांचे माप, कोणत्या डब्यात रवा आणि कोणत्यात भगर, शाळेची फी भरायची शेवटची तारीख, सगळे तिच्या डोक्यात. घरातल्या कुणालाही काही हवे असले, की एकच हाक: "अगं, ते कुठंय?" किंवा "आई, माझं ते कुठे ठेवलंयस?" आणि तिचे उत्तर हाकेच्या आधी तयार.

या पाठ असण्याचा तिला अभिमान होता. घर म्हणजे एक जाडजूड वही आणि ती वही आपल्या डोक्यात, हे तिला भूषणच वाटे. वही एकीच्याच डोक्यात असली, की ती झोपल्यावर घराला वाचायला काहीच उरत नाही, हे तिच्या लक्षात यायला एक रात्र जावी लागली.

ती रात्र पावसाळ्यातली. धाकटीला संध्याकाळपासून ताप होता. डॉक्टरांनी तापाचे पातळ औषध दिले होते आणि सांगितले होते, ताप असेल तरच द्या आणि दोन डोसांमध्ये सहा तास जाऊ द्या. रात्री बारा वाजता तिने पोरीला उठवून औषध पाजले, कपाळावर ओली घडी ठेवली आणि तिच्या शेजारीच तिचाही डोळा लागला. दिवसभराची धावपळ, परतीच्या गाडीत ठाण्यापर्यंत उभ्याने प्रवास. झोप लागली ती गाढच.

नवऱ्याची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती. पाऊणच्या सुमारास तो घरी आला. झाकून ठेवलेले ताट त्याने आवाज न करता उरकले, मुलांच्या खोलीत डोकावला आणि धाकटीच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलेलेच. औषधाचा परिणाम व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, ते त्याच्या ध्यानात आले नाही. बायको इतकी दमून झोपलेली, तिला कशाला उठवायचे, अशा मायेपोटीच त्याने कपाटातली बाटली काढली आणि अर्धवट उजेडात पोरीला एक माप औषध पाजले.

सकाळी सहाला तिने पुढच्या डोससाठी बाटली हातात घेतली, तेव्हा तो उठून म्हणाला, "अगं, मी दिलं होतं रात्री एकला."

"एकला? अरे, मी बाराला दिलं होतं!"

क्षणभर दोघेही एकमेकांकडे बघत राहिले. मग तिने कपाट उघडले आणि तिच्या हाताला कापरे भरले. कपाटात एक नव्हे, दोन बाटल्या होत्या. एक धाकटीची, एक थोरल्याची. लेबलांचा रंग सारखा, नाव जवळजवळ सारखे. फरक होता तो बारीक अक्षरांतल्या आकड्यांत. मुलांसाठीचे पॅरासिटामॉलचे पातळ औषध बाजारात वेगवेगळ्या ताकदीचे मिळते. कुठे पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, तर कुठे तेवढ्याच औषधात २५० मिलिग्रॅम. चमचा तोच, पण औषध दुप्पट.

"यातली कोणती दिलीस?"

त्याला सांगता येईना.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पोरीचे वजन विचारले, वेळा विचारल्या आणि म्हणाले, "दोन्ही बाटल्या घेऊन लगेच या." रिक्षात धाकटी आईच्या मांडीवर शांत झोपली होती. एरवी ती शांत झोपली, की आईला बरे वाटे. त्या सकाळी तीच शांतता तिला खायला उठली. ती दर दोन मिनिटांनी पोरीच्या नाकाशी बोट धरून बघत होती. नवरा बाहेरच्या पावसाकडे तोंड करून बसला होता. एकदाच म्हणाला, "तू सांगून ठेवायचं होतंस."

"सांगायला मी जागी हवी होते ना!" ती म्हणाली. पुढे दवाखाना येईपर्यंत कुणीच बोलले नाही.

दवाखान्यात बाटल्या टेबलावर ठेवल्या, तेव्हा डॉक्टरांनी आधी झाकणे पाहिली. मोठ्या ताकदीच्या बाटलीचे सील फुटलेलेच नव्हते. म्हणजे दोन्ही वेळा धाकटीचेच औषध गेले होते. त्यांनी वजनाशी हिशेब मांडला, पोरीला तपासले आणि सांगितले, की धोक्याच्या हद्दीपर्यंत गोष्ट गेलेली नाही. आज आपल्याला विचारल्याशिवाय पुढचा डोस द्यायचा नाही आणि तिच्यावर लक्ष ठेवायचे. मग ते चश्म्यावरून दोघांकडे बघत म्हणाले, "काळजी तुम्ही दोघांनीही घेतलीत. नोंद मात्र कुणीच केली नाहीत."

हे वाक्य घेऊनच ती घरी आली. त्या दिवशी तिने रजा टाकली.

तिने व्यवस्थितपणाचे प्रयोग यापूर्वी केले नव्हते असे नाही. वर्षभरापूर्वीच तिने मोबाइलमध्ये सगळ्या कामांच्या आठवणी लावल्या होत्या, प्रत्येकाला वेगळा रंग. चार दिवस मोठ्या हौसेने चालले. मग असे होऊ लागले, की ठाणे सोडून गाडी घाटकोपरच्या दिशेने निघालेली, बायकांच्या डब्यात मुंगीला शिरायला जागा नाही आणि पर्समधला फोन वाजतोय: 'धाकटीची टोपी.' टोपी डोंबिवलीत, धाकटी डोंबिवलीत आणि आठवण मात्र घाटकोपरला! फोन तिचा, आठवण तिची, म्हणजे काम पुन्हा तिचेच. डोक्यातली वही पर्समध्ये आली होती एवढेच. घरात असलेल्या माणसांना ती अजूनही वाचता येत नव्हती.

त्या दुपारी धाकटी झोपली होती आणि ती स्वयंपाकघरात नुसतीच बसली होती. सासूबाई गॅसजवळ टांगलेल्या कॅलेंडरापाशी गेल्या, दोऱ्याने बांधलेली पेन्सिल उचलली आणि त्या दिवसाच्या चौकोनात काहीतरी खरडले.

"काय लिहिता हो आई?"

"दूध अर्धा लिटर कमी घेतलं आज. खाडा नको का मांडायला? नाही तर महिनाअखेरी तो म्हणेल तेच खरं."

ती उठली आणि प्रथमच ते कॅलेंडर नीट वाचू लागली. दुधाचे खाडे, पेपरवाल्याचे पैसे, पोळ्यांच्या बाईंच्या सुट्ट्या, सिलिंडर कधी लावला, इस्त्रीला कपडे किती दिले, सगळे त्या इवल्याशा चौकोनांत होते. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये 'कालनिर्णय' सुरू केले, तेव्हापासून मराठी घरांच्या किती भिंतींवर हा असा संसाराचा जमाखर्च मांडला गेला असेल! एकादशी-चतुर्थी बघायला म्हणून आणलेले कॅलेंडर घरोघरी सामायिक वही होऊन बसले. तिच्या घरातही ती वही होतीच. तिने त्यात कधी एक ओळ लिहिली नव्हती, कारण तिचे 'सगळे पाठ' होते.

"आई, यात मुलांचंही लिहिलं तर चालेल?"

"चालेल म्हणजे? कधीपासून वाट बघतेय मी. रोज संध्याकाळी तू येईपर्यंत मला कळत नाही, पोराला उद्या काय न्यायचंय ते. विचारावं तर तू दमलेली असतेस."

यावर तिच्याकडे उत्तर नव्हते. आपण सगळे लक्षात ठेवतो म्हणजे घरच्यांचा भार हलका करतो, असे तिला वाटत होते. सासूबाईंना मात्र ते दार बंद असल्यासारखे वाटत होते.

रविवारी संध्याकाळी चहाच्या कपांसह सगळे स्वयंपाकघरात बसले. तिने डोक्यातले एकेक काम तोंडाने सांगायचे आणि नवऱ्याने कागदावर लिहायचे, असे ठरले. पहिले पान भरले, दुसरे भरले. तिसऱ्या पानावर त्याने पेन खाली ठेवले. "एवढं सगळं तू रोज करतेस?"

"करायला तुम्ही सगळे आहातच. आठवायचं काम माझं."

हा प्रश्न एका डोंबिवलीच्या घराचा नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर पाहणी केली, की माणसे दिवसाचा वेळ कसा घालवतात. घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, तर अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ मिनिटे असे आले. घड्याळाने एवढे मोजता येते. पण पांढऱ्या बुटांची आठवण भाजी फोडणीला टाकताना येते आणि औषधाची आठवण लोकलच्या गर्दीत. ती मिनिटे वेगळी मांडायची कुठे?

नवरा काही वाईट नव्हता. "सांग ना, काय करू?" असे तो रोज विचारायचा आणि सांगितलेले काम करायचाही. पण सांगणे हेही एक कामच असते. काय राहिले हे आधी शोधा, वेळेवर सांगा, झाले का ते पुन्हा विचारा. त्यापेक्षा स्वतः केलेले परवडते, असे म्हणून कितीतरी बायका पदर खोचतात. त्या रविवारी त्या दोघांनी म्हणून एक साधी गोष्ट ठरवली. ज्याचे काम त्याच्याकडे पूर्णपणे; आठवण्यापासून ते उरकण्यापर्यंत. शाळेचे निरोप, दप्तर, गणवेश आणि लसी त्याच्याकडे. डबे, किराणा, कपडे आणि बिले तिच्याकडे. दूध, पेपर, पोळ्यांच्या बाई आणि संध्याकाळचा परवचा आजीकडे.

लसींचे काम हाती आले म्हणून त्याने मुलांची कार्डे काढली. धाकटीच्या नोंदी पूर्ण होत्या. जन्माच्या वेळच्या, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या, नवव्या महिन्याच्या, मग सोळा ते चोवीस महिन्यांतल्या. थोरल्याच्या कार्डावर मात्र एक रकाना कोरा होता. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांचा दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान द्यायचा असतो, तो राहून गेला होता. "माझं सगळं पाठ असतं" म्हणणाऱ्या आईच्याही वहीतून एक पान गळले होते. तिला आधी ओशाळल्यासारखे झाले. मग वाटले, सहा वर्षांत एक आई किती पाठ करणार? त्याच आठवड्यात मुलाला लस टोचून झाली आणि कार्डावर तारीख पडली.

दप्तराची गोष्ट तर गमतीची. बाबांनी ते ताणकाट्याला लटकवले, तर वजन तीन किलोच्या वर. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणाप्रमाणे पहिली-दुसरीच्या मुलांचे दप्तर १.६ ते २.२ किलोच्या आत, म्हणजे मुलाच्या वजनाच्या साधारण दहाव्या भागाएवढे असावे. दप्तर उलटे केल्यावर कारण कळले. आठवड्याच्या सगळ्या विषयांची पुस्तके त्यात रोज जात होती. वेळापत्रक बघायला वेळ कुणाला? राहायला नको म्हणून सगळेच भरलेले. घरातल्या धांदलीचे ओझे सहा वर्षांचे पोर पाठीवर वाहत होते.

मग बाबांनी वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लिहून थोरल्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कपाटाला चिकटवले. रात्री जेवण झाले, की तो स्वतः बघून पुस्तके भरतो आणि बाबा किंवा आजी एक नजर टाकतात. दाराजवळ दोन आकडे ठोकले, तेही मुलांच्या हाताला येतील असे. एकावर दप्तर, दुसऱ्यावर धाकटीची पिशवी. बूट, मोजे, टोपी, पाण्याची बाटली यांची जागा खालच्या खणात. पहिले काही दिवस थोरल्याने चित्रकलेची वही विसरली, एकदा डबाच विसरला. धावत जाऊन पोचवायचा मोह आईला झाला, पण काम बाबांचे होते. त्यांनी त्या दिवशी डबा पोचवला आणि रात्री मुलाला शेजारी बसवून कपाटावरच्या यादीत 'डबा' हा शब्द त्याच्याच हाताने लिहवून घेतला.

औषधांसाठी एक वेगळा डबा आला, मुलांचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर. प्रत्येक बाटलीवर मुलाचे नाव आणि उघडल्याची तारीख ठळक लिहिलेली. डॉक्टरांनी सांगितलेले माप आणि किती तासांनी द्यायचे, हेही त्यावरच. झाकणाला आतून एक कागद चिकटवला. डॉक्टरांचा नंबर, रुग्णवाहिकेचा १०८, तातडीच्या मदतीचा ११२. आणि घरातला नवा नियम: औषध पाजले, की चमचा धुण्याआधी कॅलेंडरवर वेळ लिहायची. आधी लिहायचे, मग चमचा.

सगळेच प्रयोग काही यशस्वी झाले नाहीत. तिने हौसेने महिन्याभराच्या डब्यांचा तक्ता केला होता. त्यात गुरुवारी पालक पराठे आणि शुक्रवारी मोड आलेल्या मुगाची उसळ होती. दुसऱ्याच आठवड्यात मूग भिजवायचे राहिले आणि तक्ता कोलमडला. आता तक्ता आठवड्यापुरताच असतो आणि त्यात एक दिवस 'जे असेल ते' असे लिहिलेले असते. त्या दिवशी फोडणीची पोळी होते आणि मुलांना तोच डबा सगळ्यांत आवडतो. नीट वागल्याबद्दल मुलांना चांदण्या चिकटवायची पद्धतही चार दिवसांत बंद पडली, कारण धाकटीने सगळ्या चांदण्या स्वतःच्या पोटावर चिकटवल्या.

नवऱ्याचीही तारांबळ झाली. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज तीस-चाळीस निरोप पडतात. त्यातले कामाचे एखादे. सुरुवातीला त्याने दोन निरोप हुकवले आणि थोरला एकटाच रंगीत कपड्यांत शाळेत गेला. 'तरी मी म्हणत होते' हे वाक्य तिच्या ओठांवर आले होते. तिने ते गिळले, कारण ते एकदा बाहेर पडले असते, तर ग्रुप पुन्हा तिच्याच गळ्यात आला असता. आता दुसऱ्या पाळीत असला, तर चहाच्या सुट्टीत तो घरी फोन करतो. "आई, उद्या पांढरा शर्ट आणि एक पान पिंपळाचं. लिहून ठेव." आणि आजी पेन्सिल उचलते.

प्रत्येक घरात आजी नसते. तिच्या कार्यालयातल्या एका मैत्रिणीचा मुलगा पाळणाघरात असतो. हे सगळे ऐकून तिने पाळणाघरातल्या काकूंसाठी एक छोटी वही केली. खाल्ले काय, झोपला किती, औषध कधी दिले. सकाळी आईने लिहायचे आणि संध्याकाळी काकूंनी. भिंत नसली तर वही, वही नसली तर फ्रिजवरचा कागद. सांभाळणाऱ्या सगळ्यांच्या नजरेस पडेल अशी जागा असली, की झाले.

रविवारच्या चहाला आता वीस मिनिटे जादा लागतात. येत्या आठवड्याच्या चौकोनांत कुणाची पाळी, कुणाची रजा, कुणाच्या शाळेत काय, हे लिहिले जाते. थोरला अक्षरे लावून वाचतो आणि मध्येच म्हणतो, "आई, मंगळवारी तुझ्यासाठी काहीच नाहीये." ती हसते. मंगळवारी तिच्यासाठी काही नाही हे बघायला तिला फार बरे वाटते.

घर काही आरशासारखे लखलखीत झालेले नाही. पिवळा फ्रॉक अजूनही नेमका वाळत असतो. आठ पाचची गाडी अजूनही कधी कधी डोळ्यांदेखत सुटते. पण ती गाडीत बसली, की आता डोळे मिटू शकते.

श्रावणात धाकटीला पुन्हा ताप आला. रात्री अकराला तिचा ताप उतरलेला होता, म्हणून औषध न देताच ती झोपली. तीनच्या सुमारास दचकून उठली. पोरीच्या कपाळाला हात लावला. घाम येऊन ते गार पडत होते. आपल्याकडून डोस राहिला की काय, म्हणून ती लगबगीने स्वयंपाकघरात गेली आणि दिवा लावला. कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात नवऱ्याचे गिचमिड अक्षर होते.

'१.१० ला औषध दिले. ताप १०१. पुढचे ७ नंतर. तू झोप.'

तिने ते दोनदा वाचले. मग दिवा बंद केला आणि ती झोपायला गेली.